इथे थांबले

रात्री पावणेदोन वाजता कुणीतरी आमच्या वर्गाच्या गूगल डॉकमध्ये दोन शब्द लिहून गेलं. ‘इथे थांबले.’ मला ते सकाळी दिसलं. चहाचं आधण ठेवलं होतं आणि ओट्यावर फोन टेकवून मी रात्रीच्या नोंदी चाळत होते. पूर्वी सकाळी पेपर चाळायचे, आता हे. एरवी पोरांनी लिहिलेलं नजरेखालून भराभर सरकत जातं. हे सरकेना. चहा गाळून झाला, डबा भरून झाला, एसटीत खिडकीची जागासुद्धा मिळाली, तरी ते दोन शब्द पायात रुतलेल्या कुसळासारखे टोचत राहिले.

आम्ही मुक्ता साळवेचा निबंध वाचत होतो. एस. वाय. बी. ए. चा वर्ग, पटावर त्रेपन्न, बाकांवर वीस-बावीस. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या पोरीने लिहिलेला आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत छापून आलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध जेमतेम चार-पाच पानांचा आहे. वर्गात वाचला तर पंधरा मिनिटांत संपतो, आणि म्हणूनच मला तो वर्गात संपवायचा नव्हता. मी तो डॉकमध्ये टाकला, दुवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिला आणि सांगितलं, पंधरा दिवस एवढंच वाचायचं. अडलात, खटकलं, आवडलं, काही आठवलं, तर तो शब्द निवडायचा आणि बाजूला लिहायचं. ज्या जागी ती रात्रीची नोंद होती, तिथे मुक्ता सांगते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. मग हीव, पाऊस, वारा यांत त्यांचे काय हाल होत असतील याचा विचार वाचणाऱ्याने आपल्या अनुभवावरून करावा. त्या अख्ख्या वाक्यातला एकही शब्द नोंदीसाठी निवडलेला नव्हता. पिवळा झाला होता तो आमच्या प्रतीतला वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम. एवढासा ठिपका.

थांबले कोण? मुलगी असेल तर ‘मी थांबले’, सरळ आहे. पण तेही कशाने? गलबलून थांबली, की डोळे मिटायला लागले म्हणून उद्यासाठी खूण ठेवून झोपली? ‘शब्द थांबले’ असंही मराठीत होतं. लेखिका म्हणावं तर ‘थांबल्या’ हवं. नाव बघून काही उलगडेल म्हणून बघितलं, तर खात्याचं नाव ‘रॉयल कारभारी’. अशी नावं वर्गात चार-पाच तरी आहेत. मोबाइल शॉपीवाल्याने भावाच्या नाहीतर वडिलांच्या फोनवर काढून दिलेलं खातं असतं आणि सगळं घर त्याच्यावरून बोलत असतं. मी वर्गात विचारलं, “रॉयल कारभारी कोण रे?” हशा झाला. हात एकही वर आला नाही.

आणि मी एक चूक करून बसले होते. बसमध्येच, त्या नोंदीखाली, उत्तर म्हणून लिहिलं होतं, ‘का?’

लिहिलं आणि लगेच आजी आठवली. आमच्या कराडजवळच्या घरी चातुर्मासात आजी पोथी वाचायची. सोप्यावर पाट, पाटावर पोथी, दुपारी जेवणं उरकल्यावर. बोट ओळीखालून सरकायचं आणि आवाज एका सुरात, विहिरीवरच्या इंजिनासारखा. अध्याय अर्धा सोडायचा नाही हा तिचा नेम. पण एका अध्यायात, दर वर्षी, एकाच ओवीपाशी ती थांबायची. बोट तिथेच. नजर गोठ्याकडे. माझ्या मते मी आठ-नऊ वर्षांची असेन, मी विचारलं होतं, “आजी, काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही गं, घसा कोरडा पडला. पाणी आण.” पुढच्या वर्षी त्या ओवीपाशी ती थांबली नाही. सुरात पुढे गेली. तिच्या पाठोपाठ पोथी माझ्याकडे आली तेव्हा मी ते पान शोधलं. समास कोरा. आजीला लिहिता येत होतं, पण पोथीवर लिहायचं असतं हे तिच्या मनातही आलं नसतं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात झेंडूच्या पाकळीचा डाग तेवढा होता.

पुस्तकाला पाय लागला तर डोक्याला हात लावायचा, अशा घरात वाढलेल्या बाईने मुलांना ‘मजकुरावर लिहा’ म्हणणं हेच मुळात जरा विनोदी आहे. त्यातून हे लिहिणं फोनवर. ज्यांना वाटतं की दुवा पाठवला की काम झालं, त्यांनी एकदा जुनं मराठी लेखन घेऊन बसून बघावं. आंतरजालावर मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ म्हणजे बहुतेक पानांचे फोटो. त्यात बोटाला शब्द सापडतच नाही, कारण तिथे शब्द नसतो, चित्र असतं. टाइप केलेली प्रत मिळाली तर ती युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमधली. शब्द निवडून चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी. मग फोटो यंत्राला वाचायला द्यायचे आणि यंत्राने ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ केलेला निस्तरत बसायचं. दोन रात्री मी तेच केलं. एवढं करून मजकूर पोरांच्या हातात पडतो तेव्हा पाच-सहा इंचांच्या पडद्यावर अंगठ्याने एक शब्द पकडायचा असतो. अंगठा जरा घसरला की अर्धं वाक्य. म्हणजे पूर्णविराम एकटा निवडला जाणं हा नेम धरून केलेला प्रकार होता, की नुसता घसरलेला अंगठा? हा प्रश्नही मी सोडवू शकलेले नाही.

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी वाचून मी कपाळावर हात मारून घेतला होता. ‘या ओळीतून लेखिकेची तळमळ दिसून येते.’ ‘येथे तत्कालीन समाजाचे विदारक चित्र दिसून येते.’ गाइडांचं मराठी. दहावीपासून संदर्भासह स्पष्टीकरण आणि रसग्रहण लिहून लिहून बोटांत मुरलेलं. एके दिवशी मोजले, एक्केचाळीस नोंदींत सत्तावीस वेळा ‘दिसून येते’. मी ग्रुपवर फर्मान काढलं, ‘दिसून येते’ बंद. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना सगळं ‘जाणवू’ लागलं. आणि रंग! डॉकमध्ये अक्षरांमागे रंग भरता येतो हे कुणीतरी शोधून काढलं आणि दोन दिवसांत पानांना हळद लागली. एकाने तर शीर्षकापासून शेवटपर्यंत सगळं पिवळं केलं. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, सगळंच महत्त्वाचं आहे.” त्याचं चूकही म्हणवेना.

जुन्या हस्तलिखितांतही पिवळा रंग असायचा. लेखनिकाकडून चूक झाली की त्यावर हरताळ लावत. हरताळ म्हणजे पिवळं खनिज, त्याचा लेप. खालचं अक्षर झाकलं जायचं, वर नवं लिहायचं. ‘हरताळ फासणे’ आपण आज ज्या अर्थाने म्हणतो तो तिथून आला. गेरूने दंडाच्या उभ्या रेघा आणि अध्यायाचे शेवट उठून दिसतील असे करायचे, राहिलेलं अक्षर काकपदाची खूण घालून समासात लिहायचं, ही सगळी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची साधनंच. फक्त त्या पिवळ्याचा अर्थ होता ‘हे वाचू नका’. आमच्या पोराने चार पानं नखशिखांत पिवळी केली तेव्हा तो नकळत त्याच जुन्या अर्थाला जाऊन पोचला होता.

मला स्वतःला हे शिकवलं कुणी, तर एका अनोळखी मुलीने. अकरावीत असताना अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घेतली होती, निम्म्या किमतीत. मराठीच्या पुस्तकात जागोजागी पेन्सिलीने लिहिलेलं. बहुतेक ‘सर म्हणाले’ने सुरू होणारं. ‘सर म्हणाले, आयएमपी.’ ‘सर म्हणाले, तीन वर्षांत आलेलं नाही, येणार.’ एका कवितेशेजारी मात्र सरांचा पत्ता नव्हता. तिथे बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात होतं, ‘खोटं. असं कुणी विसरत नाही.’ मी ते वाचून दचकले होते. कवीला खोटं म्हणता येतं? पुस्तकात छापलेल्या माणसाला? वर्षभर मी त्या मुलीशी मनातल्या मनात भांडले, कधी तिची बाजू घेतली. तिचं नाव पहिल्या पानावर होतं, पण पुस्तक विकताना तिने, किंवा दुकानदाराने, त्यावर जाड शाईची रेघ मारली होती. नाव गेलं, अक्षर राहिलं. ते अक्षर आजही कुठेही ओळखेन. रॉयल कारभारीचं अक्षर कसं आहे, मला माहीत नाही. डॉकमध्ये सगळ्यांचं अक्षर एकच.

तरी या साधनाने जे एकदा दिलं ते माझ्या फळ्याने वीस वर्षांत दिलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. ‘हीव’ या शब्दावर एकाने लिहिलं, ‘हिवताप का?’ खाली दुसरी, ‘नाही, थंडी. आमच्याकडे हीव वाजतंय म्हणतात.’ तिसरा, ‘मग हिवाळा यातलाच?’ चौथ्याने लिहिलं की त्याची आजी ताप चढायच्या आधीच्या हुडहुडीला हीव भरलं म्हणते, म्हणजे पहिला अगदीच चुकीचा नाही. मग एक मुलगी, जी वर्गात हजेरीला ‘येस मॅडम’ एवढंच बोलते, तिने लिहिलं, ‘बाळंतिणीला हीव भरलं तर घरातली माणसं घाबरतात. माझ्या आईच्या वेळी झालं होतं.’ बारा उत्तरं, रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, मी जेवून भांडी घासत असताना. मी तिथे असते तर पहिल्याच प्रश्नाला ‘हीव म्हणजे थंडी’ सांगून मोकळी झाले असते.

पण सगळ्याच जागा अशा बोलक्या झाल्या नाहीत. एका परिच्छेदावर कुणीतरी लिहिलं, ‘आता असं काही राहिलेलं नाही.’ त्याच्याखाली तीन दिवस शुकशुकाट. नोंदीशेजारी खात्याचं नाव येतं, आणि नावात आडनाव. आपल्याकडे आडनाव कळलं की माणसं पुढचं वाचायच्या आधी बरंच काही वाचून मोकळी होतात. त्या तीन दिवसांत मी पाहिलं, दोन-तीन जणांनी आपल्या खात्यावरून आडनावं काढून टाकली. आता नुसती पहिली नावं. एकाने आडनावाच्या जागी फुलाचं चित्र टाकलं. चौथ्या दिवशी कुणीतरी तेच वाक्य पुन्हा निवडलं आणि नोंदीत एक टिंब टाकलं, दुसरं काही नाही. मी रात्रभर विचार केला, आपण मध्ये पडावं का. वर्गात हा विषय निघाला असता तर चेहरे बघून आवाज वरखाली केला असता, कुणाच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले असते. इथे माझ्या नावाने जे उमटेल ते मास्तरीणबाईंचा निकाल म्हणून वाचलं जाणार. शेवटी वर्गातच बोलले, फोन पिशवीत ठेवायला लावून. त्यानंतर मजकूर प्रत्येकाला आधी वेगळ्या प्रतीत देते आणि दोन दिवसांनी सगळ्यांच्या नोंदी एकत्र करते, नावं न घालता. काम वाढतं. पण ज्याला गर्दीच्या आधी एकट्याने वाचायचं आहे त्याला तेवढे दोन दिवस मिळतात.

या सगळ्यांतलं मला आवडणारं तत्त्व असं की नोंद मजकुरात शिरत नाही. ती वर तरंगते, दुधावरच्या सायीसारखी. हायपोथिसिससारखी साधनं तर कुठल्याही संकेतस्थळावरच्या पानावर असा थर चढवतात; मूळ पानाच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. नोंद साठवायची कशी, शब्दाला बांधायची कशी याचं प्रमाण डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ साली ठरवून दिलं. आपल्या पोथ्यांचं दुखणं नेमकं उलट होतं. समासातलं स्पष्टीकरण पुढच्या नकलेत ओळीत येऊन बसायचं आणि त्याच्या पुढच्या नकलेत मूळ म्हणून मिरवायचं. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शेवटी बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. मला वाटायचं, नाथांना हा तरंगता थर दाखवायला हवा होता. हवी तेवढी नरोटी, ताटाबाहेर.

आणि मग मी माझ्या हाताने घोटाळा केला. दहाव्या दिवशी लक्षात आलं की यंत्राने केलेल्या चुका अजून बऱ्याच शिल्लक आहेत. रात्री बसून मी वेगळ्या फाइलीत मजकूर नीट तपासला आणि डॉकमधला जुना सगळा निवडून त्याच्यावर शुद्ध प्रत चिकटवली. क्षणात समास स्वच्छ झाला. हीव गेलं, आई गेली, टिंब गेलं. घाबरून शोधलं तर नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या जुन्या यादीत सगळ्या होत्या, फक्त ज्या मजकुराला त्या धरून होत्या तोच मी काढून टाकला होता. हायपोथिसिसमध्ये अशा नोंदींना सरळ ‘ऑर्फन’ म्हणतात, अनाथ. हीववाली नोंद परत कुठे लावायची ते कळत होतं, बाकीच्याही हळूहळू लावल्या. एकच राहिली.

‘इथे थांबले.’ कुठे?

जुनी आवृत्ती उघडून जागा परत मिळवता आली असती, नंतर मिळवलीही. पण त्या रात्री नव्या प्रतीतले सगळे पूर्णविराम माझ्याकडे बघत बसले होते आणि मी ते एकेक करून वाचत गेले, प्रत्येकापाशी थांबून. अमुक ठिकाणी कुणी थांबेल का? इथे? वेदांवर मालकी सांगणाऱ्यांना ती उलटा सवाल करते तिथे? इमारतीच्या पायात आमच्या माणसांना गाडत, असं सांगते तिथे? तो निबंध मी किती वर्षं शिकवते आहे कुणास ठाऊक, पण त्या रात्री पहिल्यांदा प्रत्येक वाक्य संपल्यावर पुढच्याला हात लावायच्या आधी जरा वेळ गेला. पूर्णविराम ही काही आपली जुनी वस्तू नाही. मोडी तर शब्दसुद्धा न तोडता धावते. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवली मेजर कँडी यांनी, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे. आणि मुक्ताची गोष्ट सांगतात त्यात शाळेच्या बक्षीस समारंभात तिला खाऊ देऊ करणारे आणि ‘खाऊ नको, वाचनालय द्या’ हे उत्तर ऐकणारे साहेब म्हणजे हेच कँडी. वाक्य कुठे थांबवायचं हे मराठीला सांगणारा माणूस त्या दिवशी त्या पोरीसमोर किती वेळ थांबला असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

माझ्या ‘का?’ला उत्तर आलं नाही. पंधरा दिवस संपायच्या आदल्या दिवशी मी ते पुसलं. मागाहून पाहिलं तर रॉयल कारभारीची नोंदही पुसलेली होती. आधी कुणी पुसलं, मी की तिने, की त्याने, हे आता सांगता येत नाही.

मार्चमध्ये पेपर तपासायला आले. कॉलेजची अंतर्गत चाचणीच, पण उत्तरपत्रिकेवर नाव नाही, बैठक क्रमांक फक्त. चौथा प्रश्न मुक्ताच्या निबंधावर, दहा गुण. बहुतेकांनी मी बंदी घातलेलं सगळं क्रियापदांसकट परत आणलं होतं. पेपरात काय चालतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. एका उत्तरपत्रिकेत ‘दिसून येते’ चार वेळा होतं. मुद्दे बरोबर, क्रम बरोबर, गोल, सरळ उभं अक्षर. बाळंतिणीचा उल्लेख आला तिथे वाक्य संपलं होतं, पूर्णविराम दिला होता आणि त्यापुढची अर्धी ओळ कोरी होती. नवा परिच्छेद नव्हता, कारण पुढची ओळ समासाला चिकटूनच सुरू झाली होती आणि विषयही तोच चालू होता. पेन अडलं असेल. पुरवणी मागायला हात वर केला असेल. घड्याळ बघितलं असेल.

मी लाल पेन त्या कोऱ्या जागेवर नेलं, मग उचललं. सात गुण दिले आणि खालची उत्तरपत्रिका ओढली.